उलट्या आट्यांचं पेडल

३ फेब्रुवारी, मंगळवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर बघून माझं मलाच हसू येतंय. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरात आहे. प्लास्टर घालणारी नर्स म्हणाली, डाव्या हाताला वळण लागायला हवं, रोज चार ओळी लिहा. काय लिहू विचारलं, तर म्हणाली, काहीही. झाल्या चार ओळी.

४ फेब्रुवारी, बुधवार

पडले कशी ते एकदाच लिहून ठेवते. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मला सांगायचा कंटाळा आलाय. दुकानाच्या पायरीवर ऑइल सांडलं होतं. सांडलं मीच, पुसायचं विसरले मीच आणि घसरलेही मीच. सगळा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला. निदान सायकलवरून पडले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

हातावर पोट, आणि हातच मोडला. यावर आणखी काय लिहायचं.

८ फेब्रुवारी, रविवार

धाकटा आला होता. सकाळच्या गाडीने आला, संध्याकाळच्या गाडीने गेला. आईसाठी मऊ उशी आणली, माझ्यासाठी औषधांची पिशवी. लहानपणी आम्ही दोघंही बाबांच्या हाताखाली याच दुकानात राबलो. मग तो शिकला, लांब नोकरीला गेला. मी इथेच राहिले. पुढे दुकान, मागे आमची खोली, बाजूला रस्त्याकडची खिडकी, आणि त्या खिडकीशी आई.

तो भांडला असता तर सोपं झालं असतं. पण तो भांडत नाही. हळू आवाजात म्हणाला, "ताई, हात बरा झाला तरी आधीसारखा होईल का? आईही थकली. दुकान आवर आता. तुमच्या दोघींसाठी खोली रिकामी करून ठेवलीय." त्याच्या बायकोने पडदेसुद्धा शिवून ठेवलेत म्हणे. एवढं कोण करतं हल्ली? पण मी नुसती दुकानाकडे बघत होते.

शेवटी मी म्हटलं, "प्लास्टर निघू दे. मग एका रविवारी ये आणि सकाळपासून दुकानात बस. दुकान चालतंय असं तुला दिसलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही दिसलं तर मी स्वतः कुलूप लावून तुझ्याबरोबर निघेन."

"शब्द?" त्याने विचारलं.

"शब्द," मी म्हटलं.

 आईला ऐकू कमी येतं, म्हणजे जे ऐकायचं नसतं ते येत नाही. तिने एवढंच विचारलं, "तुझ्या खोलीला रस्त्याकडे खिडकी आहे का रे?"

तो म्हणाला, "अकराव्या मजल्यावर आहे आई. छान वारा येतो."

"म्हणजे नाही," आई म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुकान उघडून नुसती बसले होते. गिऱ्हाईक आलं की प्लास्टर दाखवायचं आणि चौकात सायकलचं नवं, काचा लावलेलं दुकान आहे तिथे पाठवायचं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात बेकरीवाली आली. ही बाई पहाटेपासून घरोघरी पाव पोचवते. सायकलला पुढे टोपली, मागे पेटी, आणि ब्रेक मात्र नावालाच.

मी म्हटलं, चौकात जा. ती म्हणाली, "ते सायकल दोन दिवस ठेवून घेतात ताई. तोवर माझ्या पावांचे दगड होतील. तुम्ही नुसतं सांगा, मी करते."

तुम्ही सांगा, मी करते. ऐकायला किती सोपं. मी स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. तो पाना नाही, त्याच्या शेजारचा. नट सोडा. अहो, सगळा काढू नका, सोडा म्हटलं. आता वायर ओढून धरा. पीठ मळताना लावता तो जोर इथे लावा. माझे हात आपोआप पुढे जात होते आणि प्लास्टर मध्ये येत होतं. जे काम मी बोलता बोलता उरकते, त्याला तिला तासभर लागला. पण ब्रेक लागला. तिने सायकल रस्त्यावर नेऊन लावून बघितला आणि परत येताना तिचं तोंड असं खुललं होतं की मी हाताचं दुखणं विसरले.

मग ती म्हणाली, किती द्यायचे.  हाताने तर मी काडीचंही काम केलं नव्हतं. म्हटलं, राहू द्या. तर आतून आईचा आवाज आला, "बोलायचे पैसे घे."

जेवायला हाका मारल्या तर हिला ऐकू येत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आईच्या बोलण्याने डोक्यात किडा सोडला तो सोडलाच. दुकानावर बाबांच्या हातची पाटी आहे : 'सायकल रिपेअरिंग व ओव्हरऑइलिंग'. तिच्याखाली मी आज पुठ्ठा टांगला. डाव्या हाताने लिहिलं : 'हात मोडला आहे, तोंड शाबूत आहे. सायकलची सर्व्हिसिंग स्वतः करा, अर्ध्या पैशात. हत्यारं आमची, शिव्या आमच्या.'

आईला वाचून दाखवलं. तिने 'शिव्या' खोडून 'सूचना' लिहायला लावलं. आता वाचणाऱ्याला आधी खोडलेलंच दिसतं.

मनात म्हणत होते, कोण येणार आहे? पैसे देऊन हातपाय काळे करायला कुणाला हौस असते? आणि ज्याला स्वतः करायचंच आहे तो घरी करेल, माझी बडबड ऐकायला कशाला येईल?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आले. एकाच सकाळी तिघं.

बेकरीवाली आली ती मागचाही ब्रेक करायला. दुसरे आमचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेत, एकटे राहतात, आणि भिंगाच्या चष्म्यातून सायकलकडे असं बघतात की ती आता काहीतरी उत्तर देणार आहे. तिसरी दातवाली. पलीकडच्या रस्त्यावर तिचा दवाखाना आहे, रोज सायकलने येते. तिला पेडल बदलायची होती. उजवं पेडल तिने चटकन काढलं. मी मनात म्हटलं, हिचा हात चांगला आहे, घट्ट बसलेलं उपटायची सवयच आहे.

मग डावं. पाना लावला आणि लागली जोर काढायला. हलेना. बेकरीवाली मदतीला धावली. दोघींनी मिळून पान्यावर अंग टाकलं. मास्तरांनी मागून सायकल धरली. तिघं लाल झाली. मी थोडा वेळ मजा बघितली, खोटं का बोला.

मग म्हटलं, "बाईसाहेब, तुम्ही दोघी मिळून ते आवळताय."

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सगळ्या जगाचे नट ज्या बाजूला फिरवले की सुटतात, त्या बाजूला हे फिरवलं की आणखी घट्ट होतं. मुद्दामच तसं केलेलं असतं. नाहीतर चालवता चालवता पेडल सैल होऊन पायातून निघून जाईल. आटे उलटे म्हणून माणूस जेवढं जास्त पेडल मारेल तेवढं ते आवळतच जातं. बाबा शिकवायचे : पाना सायकलच्या पुढे ढकलला की घट्ट, मागे ओढला की सैल, मग उजवं असो की डावं.

मास्तरांनी हे तीन वेळा माझ्याकडून म्हणून घेतलं. मग स्वतः म्हणून दाखवलं. पुढे घट्ट, मागे सैल. मग पाना घेतला आणि पहिल्याच झटक्याला उलटीकडे फिरवला. आम्ही चौघं, म्हणजे खिडकीतली आई धरून, इतकं हसलो की रस्त्यावरची माणसं थांबली.

मला वाटतं, पडल्यापासून आज पहिल्यांदाच हसले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांनी घोळ घातला. पाटीवर 'ओव्हरऑइलिंग' वाचलं, आणि सायकल घरी नेऊन तिला वरून खालपर्यंत ऑइल घातलं. चेनला घातलं ते ठीक. रिमलाही घातलं. ब्रेकच्या रबरांनाही घातलं. आणि मग उतारावरून निघाले.

नशीब की खाली भाजीचा ठेला होता. त्यांना काही लागलं नाही, कोबी मात्र दूरवर गेले.

दातवाली म्हणाली, मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे, म्हणजे सगळं खोलून साफ करून पुन्हा जोडणं. असेल. बाबा ओव्हरऑइलिंग म्हणायचे, आम्हीही तेच म्हणतो, गावभर तेच म्हणतात. पाटी बदलणार नाही. मास्तरांना बदलायचं बघते.

रिम पुसायला त्यांना दुपारभर बसवलं. मी बोलत होते, ते पुसत होते. जाताना म्हणाले, "घरी गेलो की ताई, पुढचा शब्द दुसऱ्या दिवशी दूधवाल्याशीच बोलायचा असतो. इथे निदान बोलणी तरी खायला मिळतात." मी म्हटलं, आरे पुसायचे राहिलेत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस कुत्रंही फिरकलं नाही.

मी बसून विचार केला तेव्हा कळलं की मी काय करून ठेवलंय. बेकरीवालीला ब्रेक येतो, तर ती आता ब्रेकसाठी कशाला येईल? दातवाली चेनसुद्धा बसवते. मी एकेका गिऱ्हाइकाला शिकवून शिकवून घरी पाठवतेय. स्वतःच्या पायावर असा धोंडा कुणी पाडून घेतला नसेल. काचेच्या दुकानवाला शहाणा, तो आत कुणाला पाऊलही टाकू देत नाही.

आईशी बोलले. तिला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलावं लागतं. म्हटलं, "प्लास्टर निघालं की धाकटा येऊन रविवारभर बसणार आहे. दुकानात माणूस दिसलं नाही तर आपण चाललो त्याच्याकडे. मी शब्द दिलाय. आणि शिकलेलं गिऱ्हाईक परत कशाला येईल?"

 खिडकीबाहेर मास्तर चाकात फुकटची हवा भरत होते. आई त्यांच्याकडेच बघत बसली. पंपाचा आवाज मोठा असतो, त्यांनी काही ऐकलं नसावं. नाहीतर लाजच वाटली असती मला.

२ मार्च, सोमवार

मास्तरांची सायकल पंक्चर. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायला लावली, बुडबुडे दाखवले, भोक शोधून दिलं. शिवणाच्या सुईएवढं भोक. खिळा नाही, काच नाही, काटा नाही. मी म्हटलं, कुठून जाता येता हो तुम्ही? म्हणाले, असंच, इकडून तिकडून.

पंक्चर त्यांनी स्वतः काढलं. पॅच वाकडा बसला, पण बसला.

दुपारी बेकरीवाली. तिच्या ब्रेकची वायर नटातून सुटली होती. मी तिला चांगलं बजावलं होतं की नट आवळायचा. मान खाली घालून म्हणाली, "विसरले ताई." ही बाई कुणाला किती पाव द्यायचे ते कधी विसरत नाही.

९ मार्च, सोमवार

मास्तर पुन्हा पंक्चर. पुन्हा तेवढंच भोक, जुन्या पॅचच्या शेजारी. मी म्हटलं, तुमच्या वाटेवर कुणी शिंपी बसतो का? जरा वाट बदला. ते गोरेमोरे झाले.

दातवालीची चेन या आठवड्यात दोनदा पडली. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, लोकांच्या तोंडात असंच काम करता का? ती हसत राहिली, पैसे देऊन गेली.

खरं लिहायचं तर मला वाईट वाटतंय. म्हणजे मला शिकवताच येत नाही. हातात कला असली म्हणजे तोंडात असतेच असं नाही. बाबा एकदा दाखवायचे आणि ते जन्मभर लक्षात राहायचं. माझी शिकवणी आठवडाभरही टिकत नाही.

पण दुकान चालतंय. गेल्या आठवड्यात एक दिवस असा गेला नाही की बाकावर कुणी बसलेलं नव्हतं. त्यांच्या वेंधळेपणावर माझं पोट चाललंय, हे लिहिताना हसू येतं आणि बरंही वाटतं. मनातल्या मनात मी त्या तिघांना रोज दुवा देते. तोंडावर मात्र जे द्यायचं तेच देते.

आज आणखी एक गंमत. मी चहा टाकायला आत गेले तर आईची सुईदोऱ्याची डबी मास्तरांच्या हातात. म्हणाले, शर्टाचं बटण तुटलंय. शर्टाला सगळी बटणं होती. म्हातारपणी माणूस असंच काहीबाही करतो, मी लक्ष दिलं नाही.

१६ मार्च, सोमवार

प्लास्टर निघालं. आतून जो हात निघाला तो माझा नव्हे. बारीक, पांढरा, सुरकुतलेला. कुणा आजारी माणसाचा हात चुकून माझ्या खांद्याला लावल्यासारखा.

घरी येऊन आधी पाना धरून बघितला. धरला, उचलला, आणि खाली पडला. फरशीवर केवढा आवाज झाला. आईने वळून बघितलं नाही. तो आवाज तिला ऐकू आला होता हे मला पक्कं माहीत आहे.

डॉक्टर म्हणतात ताकद येईल, वेळ लागेल. वेळ कुठे आहे? धाकट्याचा निरोप आलाय, येत्या रविवारी येतो. भीती वाटतेय. कुणाला सांगण्यासारखी नाही म्हणून इथे लिहितेय, अजून डाव्याच हाताने.

२२ मार्च, रविवार

धाकटा सकाळी आला आणि ठरल्याप्रमाणे दुकानात खोक्यावर बसला. त्याने खिशातून काही काढलं नाही, वाचलं नाही, नुसता बसला. मी पान्यांवर फडकं फिरवत होते. पुन्हा पुन्हा तेच पाने. रस्ता रिकामा. रविवारी सकाळी कोण सायकल दुरुस्त करतं? दिवस निवडतानाच माझं डोकं फिरलं होतं.

बराच वेळ गेला. धाकटा म्हणाला, "ताई, चहा करू का?" त्या प्रेमळ आवाजानेच मी खचले. मनात पेट्या बांधायला लागले होते.

तेवढ्यात बेकरीवाली आली. एकटी नाही, जावेला घेऊन. दोघींच्या दोन सायकली. एकीची चेन, दुसरीचा ब्रेक. त्यांच्या पाठोपाठ दातवाली आली, दवाखान्यातली कंपाउंडरीण बरोबर. मागचं चाक लपलपतं म्हणे. बाकावर जागा राहिली नाही. कुणी पाना मागतंय, कुणी ग्रीस मागतंय, मी एकीकडे ओरडतेय, एकीकडे दाखवतेय. जावेने चेन उलटी घातली, मी तिला सोडलं नाही. खिडकीतून आई हुकूम सोडत होती. धाकटा कधी उठून बाह्या सरसावून चाक धरायला लागला ते मला कळलंही नाही. त्याचे हात काहीच विसरले नव्हते.

दुपारी मास्तर आले, सायकल हातात धरून चालत. "ताई, पेडल फार हलतंय. काल जरा जोरात मारली, तेव्हा सैल झालं."

मी गर्दीत होते, म्हटलं ठेवा कोपऱ्यात, उद्या न्या. धाकट्याने त्यांच्या हातून सायकल घेतली. कोपऱ्यात लावताना खाली बसून थोडा वेळ ते पेडल बघत होता. मग उठला, हात पुसले, आणि मास्तरांना म्हणाला, "बसा ना, चहा घ्या." दोघं बराच वेळ बोलत बसले. मास्तरांना बोलायला माणूस मिळालं म्हणून मला बरं वाटलं.

निघताना धाकटा म्हणाला, "दुकान चालतंय ताई. मी हा विषय पुन्हा काढणार नाही." मग आईच्या पाया पडला, आणि माझा तो बारीक हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभा राहिला. जिवात जीव आला म्हणतात तो कसा येतो ते मला आज कळलं. त्या चौघीजणींचे, मास्तरांचे, त्यांच्या बिघडणाऱ्या सायकलींचे, सगळ्यांचे मनापासून आभार मानले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आभार मानून झाल्यावर लिहायचं थांबायला हवं होतं.

दुकान आवरताना वाटलं, उजव्या हाताने काहीतरी करून बघू. मास्तरांची सायकल समोर होती. पेडल तर आवळायचं, एवढं जमेल. खाली बसले, हात लावला. डावं पेडल.

आधी कळलंच नाही काय खुपतंय. मग हाताने पूर्ण सोडवून बाहेर काढलं आणि दिव्याखाली धरलं. आटे नव्यासारखे, आणि त्यावर माझ्या दुकानातलं ताजं ग्रीस. जिथे पाना लागतो तिथे घासल्याच्या चकचकीत खुणा.

जोरात मारल्याने डावं पेडल सैल होत नाही. आवळतं. मीच शिकवलंय. हे पेडल कुणीतरी पाना लावून सोडवलं होतं, आणि सोडवताना पाना बरोबर मागे ओढला होता. पुढे घट्ट, मागे सैल. पहिल्या दिवशी उलटीकडे फिरवणाऱ्या मास्तरांनी, एकट्याने, घरी बसून, न चुकता.

मग सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. सुईएवढी भोकं. सुईदोऱ्याची डबी. पावांचा हिशेब न विसरणारी बाई नट विसरते. चांगल्या हाताच्या बाईची चेन दोनदा पडते. आणि त्या दिवशी पंप मारताना मास्तरांनी सगळं ऐकलं होतं.

माझी शिकवणी वाया गेली नव्हती. त्यांना सगळं येत होतं. येत होतं म्हणूनच इतकं नीट बिघडवता आलं.

ते पेडल हातात घेऊन मी कितीतरी वेळ खाली बसून होते. आधी राग आला. माझ्यावर उपकार करतात म्हणजे काय? मग रडू आलं. आणि मग आठवलं की मी धाकट्याकडून शब्द घेतलाय तो या गिऱ्हाइकांच्या जोरावर.

२३ मार्च, सोमवार

दुकान उघडायच्या आधी धाकट्याला फोन केला. म्हटलं, "कालची गिऱ्हाईकं खोटी होती."

"म्हणजे?"

"मुद्दाम बिघडवून आणलेल्या सायकली होत्या रे. मला काल संध्याकाळी कळलं, मास्तरांच्या पेडलवरून. तुला फसवून दुकान चालवायचं नाही मला. तू दिलेला शब्द परत घे हवं तर."

तो हसला. मग म्हणाला, "ताई, डावं पेडल होतं. मी बाबांचा मुलगा नाही का?"

 "तुला कळलं होतं?"

"हात लावल्या लावल्या."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? माणसं आपल्या धडधाकट सायकली मोडून तुझ्याकडे येतात, वर पैसे देतात आणि वर बोलणी खातात. हे दुकान चालत नाही असं कुठल्या तोंडाने म्हणू? मी इथे इतकी वर्षं राहतोय ताई. माझ्या दारात असं काही मोडून घेऊन कुणी आलं ना, की त्या दिवशी मी तुला इकडे ये म्हणेन."

मी नाक ओढलं. तो म्हणाला, "रडतेस का?" मी म्हटलं, ग्रीसचा हात डोळ्याला लागला.

आईने विचारलं, काय म्हणाला? मी ओरडून सांगितलं, "दुकान चालतंय म्हणाला."

"ते मला माहितीये," आई म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तिची सुईदोऱ्याची डबी मी उचलून वरच्या फळीवर ठेवली. तिने बघितलं.

२४ मार्च, मंगळवार

हे उजव्या हाताने. हळू होतंय, दर ओळीला थांबावं लागतंय. गंमत म्हणजे आता हेच अक्षर परकं वाटतंय.

काल मास्तर फिरकलेच नाहीत. आज आले. मी पेडल उजव्या हाताने बसवून ठेवलं होतं, पण शेवटचा पीळ मारायला अजून ताकद नाही. पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कुठल्या बाजूला हो, ताई?"

"मास्तर," मी म्हटलं, "विसरल्याचं सोंग पुरे."

त्यांचे कान लाल झाले. बेकरीवाली पलीकडे पाव मोजत होती, ती मोजायची थांबली. मी ठरवलं होतं की चांगलं सुनवायचं. रात्री अंथरुणावर वाक्यंही तयार केली होती. पण त्यांच्या हातात तो पाना बघितला, बरोबर पुढच्या बाजूला धरलेला, आणि सगळी वाक्यं विसरले. म्हटलं, "तुम्ही तिघांनी मला काय दिलंय ते मला सांगता येणार नाही. तेव्हा सांगत नाही. आवळा."

त्यांनी आवळलं. पुढे ढकलून, एका दमात. बाबांनी बघितलं असतं तर मान हलवली असती.

मग मी म्हटलं, "आता ऐका. सुई नको, पाना नको, काही मोडायला नको. यायचं असेल तर धडधाकट सायकल घेऊन यायचं."

मास्तर बुचकळ्यात पडले. "पण सायकल चांगली असली तर तुम्ही पैसे कसले घेणार?"

 तेवढ्यात खिडकीतून आई म्हणाली, "बोलायचे."